तेविसावं मूल कुठे बसणार?

नवीन घर घ्यायचं ठरलं की आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न किमतीचा नसतो, "शाळा कुठली लागते?" हा असतो. डॅलसच्या उत्तरेला गेल्या पंचवीस वर्षांत आपली जी वस्ती वाढली, ती बरीचशी याच एका प्रश्नावर वाढली. या पुस्तिकेत एखाद्या रिअल इस्टेट एजंटची जाहिरात असेल तर बघा, बेडरूम किती याच्या आधी शाळेचं रेटिंग दिलेलं असेल! घर घेतलं, वास्तुशांत झाली, आणि मग ऑगस्टमध्ये कळतं की कोपऱ्यावरच्या शाळेतले पहिलीचे वर्ग भरलेत, आपल्या मुलाला बसने तीन-चार मैलांवरच्या दुसऱ्या शाळेत जावं लागणार. मग पुढच्या पॉटलकमध्ये विषय निघतो, "एवढा टॅक्स घेतात, आणि डिस्ट्रिक्टवाले काय झोपले होते का?"

झोपले नव्हते. निदान बहुतेक वेळा तरी नसतात. मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण किती लोड येणार, कधी येणार आणि तोवर किती मशिन लागतील याचा अंदाज बांधणं हा आमच्या धंद्यातला रोजचा उद्योग. त्या नजरेने शाळांचा हिशोब बघायला लागलो आणि लक्षात आलं की आमचं काम त्या मानाने फारच सोपं आहे. सर्व्हर कमी पडला तर क्लाउडवर दहा मिनिटांत दुसरा चालू करता येतो. शाळा कमी पडली तर जमीन, कर्जाला मतदारांची मंजुरी, आराखडा, बांधकाम, शिक्षकांची भरती असं करत पहिली घंटा वाजेपर्यंत तीन-चार वर्षं सहज जातात. आणि नको झालेला सर्व्हर बंद करता येतो, नकोशी झालेली शाळा बंद करायची म्हटलं तर काय होतं ते पुढे येईलच.

उदाहरण फ्रिस्कोचं घेतो, कारण आपल्यातले अनेक जण तिथे राहतात. १९९० मध्ये फ्रिस्को हे सहा हजार वस्तीचं गाव होतं. २००० च्या जनगणनेत ३३,७१४, २०१० मध्ये १,१६,९८९ आणि २०२० मध्ये २,००,५०९. फ्रिस्को आयएसडीचा पट २००० च्या सुमारास सात हजारांच्या आसपास होता. दहा वर्षांनी तो चौतीस हजारांच्या घरात गेला आणि २०२२-२३ मध्ये सदुसष्ट हजारांच्या आसपास पोचला. २००३ पर्यंत अख्ख्या डिस्ट्रिक्टमध्ये एकच हायस्कूल होतं. २०२२ मध्ये बारावं उघडलं.

इथे एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण ती पुष्कळांना माहीत नसते. फ्रिस्को शहर आणि फ्रिस्को आयएसडी ही दोन वेगळी सरकारं आहेत. त्यांच्या हद्दीही जुळत नाहीत. प्लेनो आणि मॅकिनीचा काही भाग फ्रिस्को आयएसडीत येतो, तर फ्रिस्को शहरातली काही घरं प्रॉस्पर किंवा लुईसव्हिलच्या शाळांत जातात. कुठे घरं बांधायची, कुठे अपार्टमेंट, याला परवानगी देतं शहर. त्या घरांतली मुलं सांभाळायची डिस्ट्रिक्टने. डिस्ट्रिक्टला "थांबा, आमच्याकडे जागा नाही" असं बिल्डरला म्हणता येत नाही. कॅलिफोर्नियात १९८६ पासून शाळांना बिल्डरकडून फी घेता येते, टेक्सासमध्ये तीही सोय नाही. म्हणजे लग्नाची आमंत्रणं एकाने वाटायची आणि पंगती दुसऱ्याने उठवायच्या, असा प्रकार.

आता आपल्यातल्या ज्येष्ठांचा नेहमीचा आक्षेप. "आमच्या वर्गात साठ-सत्तर पोरं होती. आमचं काय बिघडलं?" बिघडलं नाही हे खरं. पण त्या सत्तरांतले जे अमेरिकेत पोचले तेच हे सांगायला इथे आहेत, मागच्या बाकावर बसलेल्यांना कोण विचारतंय? आणि पुढे भारतानेही हे आकडे सोडलेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण घातलं आहे. इकडे टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ अशी चार वर्षं एक मोठा प्रयोग झाला. केजी ते तिसरीच्या मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं लहान आणि नेहमीच्या वर्गांत वाटून दिलं. लहान वर्गात १३ ते १७ मुलं, नेहमीच्या वर्गात २२ ते २५. लहान वर्गातली मुलं वाचनात आणि गणितात पुढे राहिली, आणि सगळ्यात जास्त फायदा झाला तो गरीब घरच्या मुलांना. म्हणजे ज्यांच्या घरी संध्याकाळी अभ्यास घेणारं कोणी नाही, त्यांना वर्गातली गर्दी जास्त बाधते.

टेक्सासचा कायदा यात बराच स्पष्ट आहे. १९८४ च्या शिक्षण सुधारणांपासून लहान इयत्तांत एका तुकडीत जास्तीत जास्त २२ मुलं, आणि ही मर्यादा चौथीपर्यंत लागू आहे. डिस्ट्रिक्टला राज्याकडे सूट मागता येते, पण नियम २२ चा. या एका आकड्यामुळे जो गणिती घोळ होतो तो समजून घेतला की अर्ध्या तक्रारींचा उलगडा होतो.

समजा एका शाळेत दुसरीला ६६ मुलं आहेत. तीन तुकड्या, प्रत्येकी २२, तीन शिक्षिका. सगळं छान. सप्टेंबरमध्ये एक कुटुंब बदली होऊन आलं, मूल सदुसष्टावं. आता चौथी तुकडी हवी, म्हणजे चौथी खोली आणि चौथी शिक्षिका, एका मुलासाठी! चौथी तुकडी केलीच तर प्रत्येक वर्गात सतराच मुलं राहतात आणि खर्च एकदम एका पगाराने वाढतो. त्यामुळे बहुतेक डिस्ट्रिक्ट त्या इयत्तेचा पट गोठवतात आणि नव्या मुलाला शेजारच्या शाळेत पाठवतात. आपण मात्र म्हणतो, "एक मूल घ्यायला काय जातं?" शिवाय शाळेची क्षमता म्हणजे खोल्या गुणिले २२ असा हिशोब नसतो. चित्रकला, संगीत, वाचनात मागे पडलेल्यांचा वर्ग, विशेष गरजा असलेल्या मुलांचे छोटे वर्ग, इंग्रजी नवीन असलेल्यांचा वर्ग, या सगळ्यांना खोल्या लागतात. गर्दी झाली की आधी याच खोल्या जातात. चित्रकलेच्या बाई सामान हातगाडीवर घालून वर्गावर्गांतून फिरताना दिसल्या की समजावं, शाळा भरली.

मग आधी अंदाज कसा करायचा? मूळ पद्धत अगदी साधी आहे, एक्सेलमध्ये बसेल इतकी. गेल्या वर्षी पहिलीत ५०० मुलं होती, यंदा दुसरीत ५३० आहेत, म्हणजे गुणोत्तर १.०६. असं प्रत्येक इयत्तेचं गुणोत्तर मागच्या तीन-चार वर्षांवरून काढायचं आणि आजचा पट त्या गुणोत्तरांनी पुढे सरकवत न्यायचा. केजीच्या मुलांसाठी पाच वर्षांपूर्वीचे जन्माचे आकडे घ्यायचे. स्थिर वस्तीत ही पद्धत चांगली चालते. वाढत्या वस्तीत फसते, कारण तिला फक्त काल काय झालं एवढंच ठाऊक असतं. उद्या जिथे आठशे घरं उभी राहणार आहेत तिथे आज मोकळं रान आहे, आणि रानाचं गुणोत्तर काढता येत नाही.

म्हणून दुसरा हिशोब करावा लागतो, घरामागे मुलं किती. शहराकडे मंजूर झालेले प्लॉट, बिल्डर दर महिन्याला किती घरं विकतोय, कुठल्या घरांचा पाया घातलाय, हे सगळं गोळा करायचं. मग अशाच प्रकारच्या आधीच्या वसाहतींत दर शंभर घरांमागे किती मुलं शाळेत आली ते पत्त्यांवरून मोजायचं. यात बाहेरून आणलेला सरासरी आकडा वापरला की गडबड होते. साधारण समजूत अशी की अपार्टमेंटमध्ये मुलं कमी असतात. पण नामांकित शाळेच्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये नुकती भारतातून आलेली, घर घेण्याआधी दोन-तीन वर्षं भाड्याने राहणारी कुटुंबं असतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला एक-दोन शाळकरी मुलं. तो ठोकताळा आपणच मोडतो. म्हणून चांगलं डिस्ट्रिक्ट दर वर्षी स्वतःची घरं स्वतः मोजतं आणि गेल्या वर्षीचा अंदाज किती चुकला तेही छापतं. ज्या अहवालात मागच्या अंदाजाची चूक दिलेली नसते, त्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

अंदाज बांधूनही गर्दी होतेच. मग तात्पुरते उपाय. सगळ्यांना दिसणारा उपाय म्हणजे शाळेमागे उभे केलेले पोर्टेबल वर्ग. पालक त्यांना नाकं मुरडतात, पण तीन-चार वर्षांची लाट भागवायला ते वाईट नाहीत. खरी अडचण अशी की पोर्टेबलने वर्ग वाढतात, बाकीची शाळा तेवढीच राहते. स्वच्छतागृहं तेवढीच, कॅफेटेरिया तेवढाच. मग पहिलीची मुलं साडेदहाला दुपारचं जेवण जेवतात आणि शेवटची पाळी दीड वाजता बसते.

आपल्याकडचा उपाय म्हणजे सकाळची शाळा आणि दुपारची शाळा. एकच इमारत, दोन शाळा, अर्धा महाराष्ट्र असाच शिकला! अमेरिकेत याचं भावंड लॉस एंजेलिसमध्ये होतं. तिथे इमारत बाराही महिने चालू आणि मुलांचे तीन-चार गट पाळीपाळीने सुट्टीवर. पण काही वेळापत्रकांत मुलांचे शाळेचे दिवसच कमी भरायचे, भावंडांच्या सुट्ट्या जुळायच्या नाहीत. लॉस एंजेलिसने १९९७ पासून अब्जावधींचे बाँड मंजूर करून घेत शंभरहून अधिक नव्या शाळा बांधल्या आणि २०१७ मध्ये ही पद्धत संपवली. गंमत अशी की शाळा बांधून होत असतानाच पट घसरत होता. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो सात लाखांच्या वर होता, आता चार लाखांच्या आसपास आला आहे.

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त भांडणं लावणारा उपाय म्हणजे शाळांच्या हद्दी बदलणं. एक शाळा १२० टक्के भरलेली, दोन मैलांवरची ८० टक्के. नकाशावर एक रेघ सरकवली की प्रश्न सुटतो, एक डॉलर न खर्चता. पण त्या रेघेच्या पलीकडे गेलेल्या गल्लीला वाटतं की आपलं घर कोणीतरी उचलून दुसरीकडे ठेवलं. त्या गल्लीने शाळेसाठी म्हणून जास्त पैसे मोजलेले असतात, मुलीच्या मैत्रिणी तिथे असतात, कारपूल बसलेला असतो. रेटिंग नऊवरून आठवर आलं तर घराच्या किमतीचं काय, ही चिंता कोणी उघड बोलत नाही, पण सभेत ती सगळ्यांच्या मनात असते. फ्रिस्कोने मुद्दाम हायस्कूल लहान ठेवली, साधारण २१०० मुलांपर्यंत, म्हणजे जास्त मुलांना संघात, बँडमध्ये, नाटकात जागा मिळावी. जवळच्या ॲलनने उलट केलं, सगळ्या गावाचं एकच प्रचंड हायस्कूल आणि २०१२ मध्ये सहा कोटी डॉलरचं फुटबॉल स्टेडियम. ॲलनमध्ये हायस्कूलच्या हद्दीचं भांडण होऊच शकत नाही. फ्रिस्कोत दर नव्या शाळेबरोबर ते होतं. लहान शाळा हवी असेल तर वरचेवर सरकणारी रेघ स्वीकारावी लागते, दोन्ही हवं म्हणून चालत नाही. मला स्वतःला लहान शाळा पसंत आहे. पण रेघ हलवताना डिस्ट्रिक्टने तीन पथ्यं पाळावीत असं वाटतं. एकाच वसाहतीला पाच वर्षांत दोनदा हलवू नये. शेवटच्या वर्षाच्या मुलांना आहे तिथेच पूर्ण करू द्यावं. आणि एका प्राथमिक शाळेतली मुठभर मुलंच वेगळ्या मिडल स्कूलला जातील अशी रेघ मारू नये.

आता पैसा. इथे दोन खिसे आहेत आणि कायद्याने ते शिवून वेगळे केलेले आहेत. इमारती बांधायला बाँड, म्हणजे मतदारांच्या संमतीने काढलेलं कर्ज, आणि ते फेडायला कराचा एक हिस्सा. शिक्षकांचे पगार, वीज, बस यांना कराचा दुसरा हिस्सा आणि राज्याचे पैसे, जे मुलांच्या सरासरी हजेरीवर मिळतात. बाँडच्या पैशातून पगार देता येत नाही. हे न कळल्यामुळे काय होतं त्याचा नमुना फ्रिस्कोतच आहे. २०१४ मध्ये मतदारांनी ७७.५ कोटी डॉलरचा बाँड मंजूर केला, इमारती उभ्या राहू लागल्या. ऑगस्ट २०१६ मध्ये चालू खर्चासाठी शंभर डॉलरमागे १३ सेंट वाढ मागितली, ती लोकांनी नाकारली. झालं! २०१७ मध्ये उघडायच्या चार नव्या शाळा पुढे ढकलाव्या लागल्या. भिंती आहेत, बाकं येतील, पण शिकवणाऱ्यांचा पगार नाही. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये ६९.१ कोटींचा बाँड आणि करवाढ दोन्ही मंजूर झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मात्र एक अब्जाच्या वरच्या बाँडसह चारही प्रस्ताव पडले. २०१९ च्या कायद्याप्रमाणे टेक्सासमध्ये शाळेच्या प्रत्येक बाँडच्या मतपत्रिकेवर "ही मालमत्ता करातली वाढ आहे" असं छापावं लागतं, कराचा दर वाढणार नसला तरीही. त्याचाही हात यात असणार असा माझा अंदाज.

पण २०२४ पर्यंत प्रश्नच बदलला होता. फ्रिस्कोचा पट उतरू लागला होता.

वसाहतीला वय असतं. नवी असते तेव्हा घरोघरी केजीतली मुलं, दहा वर्षांनी तीच हायस्कूलमध्ये, वीस वर्षांनी घरात फक्त आईबाबा आणि गराजमध्ये जुन्या सायकली. ते घर विकत नाहीत. कशाला विकतील? पासष्टीनंतर राहत्या घराचा शाळा-कर गोठतो, आणि २०२०-२१ चं स्वस्त व्याजाचं कर्ज कोण सोडेल? रिकामं झालं तरी ते घर तिशीतल्या जोडप्याला परवडत नाही, म्हणून ती जोडपी आणखी उत्तरेला आणि पूर्वेला जातात. वीस हजारांवरच्या शहरांत देशातलं सर्वांत वेगाने वाढलेलं शहर २०२३ मध्ये सेलिना होतं आणि २०२४ मध्ये प्रिन्स्टन, दोन्ही इथलीच. त्यात देशभर जन्मच कमी झालेत. २००७ मध्ये ४३ लाख बाळं जन्मली, २०२३ मध्ये ३६ लाखांच्या आतबाहेर.

प्लेनो या वाटेवर एक पिढी पुढे आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत प्लेनो म्हणजे आजचं फ्रिस्को होतं. जून २०२४ मध्ये प्लेनो आयएसडीने चार शाळा बंद करायचा निर्णय घेतला. मग फ्रिस्कोने स्टेली मिडल स्कूल २०२५ मध्ये बंद केलं. एकाच डिस्ट्रिक्टमध्ये उत्तरेला नव्या शाळेची मागणी आणि दक्षिणेला जुनी शाळा वाचवण्यासाठी सह्यांची मोहीम, असं दृश्य दिसतं. म्हणून गर्दीचा विचार करताना मला नेहमी वाटतं की पट शिखरावर असताना जितका असेल तितक्यासाठी कायमची बांधकामं करू नयेत. कायमच्या इमारती थोड्या कमी, पोर्टेबल थोडे जास्त, हद्दी लवचिक, आणि इमारत अशी की आज प्राथमिक शाळा, पंधरा वर्षांनी बालवाडी किंवा प्रौढांचे वर्ग. जमीन मात्र रान असतानाच घेऊन ठेवावी. न लागली तर विकता येते, उशिरा घ्यायची म्हटलं तर बिल्डरच्या भावाने घ्यावी लागते.

यात आपण कुठे? आपल्या मंडळासारख्या संस्था देणग्यांतून दप्तरं, वह्या, पुस्तकं देतात, ते करत राहूच. पण वर्गखोली देणगीतून होत नाही, ती करातून आणि मतांतून होते. आपल्यातले कितीतरी जण एच-वन किंवा ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत, त्यांना मत नाही. कर मात्र आहे, भाडेकरूलासुद्धा, कारण घरमालक तो भाड्यातूनच काढतो. जे नागरिक झालेत त्यांनी मे महिन्यातल्या शाळा बोर्डाच्या निवडणुका चुकवू नयेत. त्यांना इतके कमी लोक जातात की दोन-तीन वसाहतींनी निकाल फिरू शकतो. आणि मत नसलेल्यांना बोलता येतं. २०१९ च्या कायद्याने टेक्सासमधल्या प्रत्येक शाळा बोर्डाला विषयपत्रिकेवरच्या मुद्द्यावर निर्णय होण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकावं लागतं. हद्दी बदलण्यासाठी पालकांची समिती नेमली जाते तेव्हाही नाव द्यावं. रेघ पक्की झाल्यावर दोनशे सह्या घेऊन जाण्यापेक्षा नकाशा कच्चा असताना दोन माणसं टेबलावर असलेली बरी. जाताना पटाचा शेवटचा अंदाज वाचून जा, आणि "माझी गल्ली हलवू नका" याऐवजी "पाच वर्षांनी या शाळेत किती मुलं असतील, आणि मागच्या वेळी तुमचा अंदाज कितीने चुकला होता?" हे विचारा. नाव आधी नोंदवावं लागतं, आणि बहुतेक ठिकाणी तीनच मिनिटं मिळतात.